तुझे पत्ते आणि आपला कॉम्प्युटर

आई, तू त्याला कधी कॉम्प्युटर म्हणालीच नाहीस. "तो" म्हणायचीस. "तो उठला का?" "आज त्याचं काय बिनसलंय?" "त्याच्यावर फडकं टाकलंस का, धूळ बसते." बाबांना तू "हे" म्हणायचीस आणि त्याला "तो", त्यामुळे पहिल्यांदा घरी येणाऱ्याला वाटायचं, आतल्या खोलीत कुणी आजारी आणि लहरी पाहुणा येऊन राहिलाय. तसा तो होताच. बाबांच्या सातिवलीच्या कंपनीने ऑफिसात नवीन मशिनं घेतली आणि जुनी स्टाफला देऊन टाकली, त्यातला हा एक. बाबा त्याला टेम्पोत दोन गाद्यांच्या मधे झोपवून फुलपाड्याला घरी घेऊन आले, आणि जिन्यातून वर चढवताना "सांभाळून, सांभाळून" असं इतक्या मोठ्याने ओरडत होते की प्रत्येक मजल्यावरची दारं उघडली. एवढा मान मिळूनही तो आला तो खोडी घेऊनच. चालू करताना खडखडायचा, काम रंगात आलं की हटून बसायचा, आणि मनात आलं की अख्खा पडदा निळा करून इंग्रजीत काहीतरी तक्रार करायचा. मी चिडून त्याच्या डोक्यावर चापट मारली की तू स्वयंपाकघरातून कणकेच्या हाताने बाहेर यायचीस. म्हणायचीस, "मारू नको गं त्याला. नवीन घर आहे, रुळेल."

त्याच वर्षी श्रावणात तुझा उजवा हात गेला. चहाचं भांडं ओट्यावरून उचललंस आणि ते सुटलं, आणि तू खाली सांडलेल्या चहाकडे नुसती बघत राहिलीस, जणू दुसऱ्याच कुणी सांडलाय. डॉक्टर म्हणाले, मेंदूत बारीकशी गुठळी आहे, पाय येईल, बोलणं येईल, हाताचं मात्र तुमच्या व्यायामावर. पाय खरंच आला. गणपतीत तू भिंतीला धरून या खोलीतून त्या खोलीत जात होतीस, बोलणं तर इतकं साफ झालं की बाबा म्हणाले, तेवढं थोडं राहिलं असतं तरी चाललं असतं.  पण हात खांद्यापासून कोपरापर्यंतच तुझा होता. त्याच्या पुढचा पंजा तू मांडीवर ठेवायचीस आणि वरून पदर घ्यायचीस. डावा हात होता की, पण डाव्या हाताचं तुला काहीच चालायचं नाही. डाव्या हाताने ताटात वाढायचं नाही, डाव्या हाताने दिवा लावायचा नाही, कुणाला काही द्यायचं नाही, आणि कुंकू तर नाहीच नाही. त्यामुळे रोज सकाळी तुझ्या कपाळाला कुंकू मी लावायचे. तू डोळे मिटून घ्यायचीस. मला ते अजिबात आवडायचं नाही, तुझं ते डोळे मिटून थांबणं. दार वाजवणारी प्रत्येक बाई ज्या हातून कुंकू लावून घ्यायची तो हात पदराखाली, आणि मी माझ्या वेंधळ्या बोटाने तुझं कपाळ रंगवतेय. लावून झालं की मी चहा बघायच्या निमित्ताने पळायचे.

व्यायाम शिकवायला बाई यायच्या, आठवतं? गोऱ्या, उंच, घाईत असलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोन वाट्या मागितल्या, एकीत तांदूळ ओतले आणि म्हणाल्या, "चिमटीत एकेक दाणा धरायचा आणि या वाटीतून त्या वाटीत टाकायचा. चिमूट आली की समजा हात आला." तू वाटी डाव्या हाताने बाजूला सारलीस. म्हणालीस, "तांदळाशी खेळायचं नसतं." बाई म्हणाल्या, "अहो, हा खेळ नाहीये, व्यायाम आहे." तू म्हणालीस, "तुमच्यासाठी व्यायाम. तांदळाला काय माहीत?" बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी छताकडे. मग त्यांनी राजमा आणला, शर्टाची बटणं आणली. ती तू मुकाट्याने समोर घेऊन बसायचीस आणि बोटं नुसती त्यांच्यावरून घसरायची. एकदा एक बटण ओट्याखाली गेलं आणि मी, कॉलेजला उशीर होत होता म्हणून, जरा जोरात म्हणाले, "आई, मनापासून कर ना." तू वर बघितलंस. "मी काय तुझी परीक्षा आहे? पास-नापास करायला?" एवढंच बोललीस, पण त्या दिवशी जेवली नाहीस. त्यानंतर बटणांचा डबा फडताळात गेला. बाई आल्या की काढायचा, बाई गेल्या की आत.

आणि मग एका दुपारी तुला पत्ते सापडले. मी कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव मांडून बसले होते, लाल सत्तीवर काळी छक्की, तसला एकट्याने खेळायचा. तू माझ्या मागे खुर्चीला धरून उभी राहिलीस. जरा वेळाने म्हणालीस, "ती चौकटची नश्शी दिसत नाही का तुला?" मला नव्हती दिसली. पुन्हा जरा वेळाने, "अगं गुलाम! गुलाम!" मी उठले आणि म्हणाले, मग तूच खेळ. तू बसलीस. मी तुझा उजवा पंजा उचलून माउसवर ठेवला, तू डावा हात वर ठेवलास, आणि डाव्याने उजव्याला ढकलत ढकलत गुलाम राणीवर नेऊन ठेवलास. ठेवल्यावर जे हसलीस ते श्रावणापासून पहिल्यांदा हसलीस. बाबांनीसुद्धा हातातला पेपर खाली ठेवला होता. पुढे रोज दुपारी जेवणं झाली की तू त्याच्यासमोर. माउस दाबून धरायचा आणि तसाच सरकवायचा, सोडला की पत्ता धावत मागे जायचा, आणि तू त्या पत्त्याला शिव्या द्यायचीस. काही दिवसांनी डावा हात वरून निघाला. उजव्याचं एक बोट तेवढं आपणहून दाबू लागलं. बाईंनी ते बोट दोनदोनदा दाबून बघितलं आणि राजमा परत घेऊन गेल्या. म्हणाल्या, "काय खेळतात ते खेळू द्या. बंद मात्र पडता कामा नये. या महिन्या-दोन महिन्यांत जे येईल ते येईल, नंतर अवघड आहे." दारात, चप्पल घालताना, हळू आवाजात म्हणाल्या, पण तुझे कान काही गेले नव्हते.

दसऱ्याला नंदाखालहून, तुझ्या माहेरून, मामा आला. पिशवीभर झेंडू, आपट्याची पानं आणि तुला आवडतात म्हणून सुकेळी, तिकडची उन्हात वाळवलेली केळी. दारातूनच ओरडला, "बाय, हात कसा हाय?" तू म्हणालीस, "हाय तिथे हाय." दरवर्षी शस्त्रांची पूजा तू करायचीस, तुझी विळी, बाबांचा पाना, शिवणाचं मशीन, माझी कंपासपेटीसुद्धा. त्या वर्षी बाबा म्हणाले, "डाव्या हाताने केलीस तर काय होतंय? देव काय बघत बसलाय?" तू म्हणालीस, "तुम्हीच करा." मग बाबांनी केली, त्यांच्या पद्धतीने, म्हणजे सगळ्यांना घाईघाईत हळदकुंकू आणि कॉम्प्युटरवर नुसतं एक फूल. तू आतल्या खोलीत खुर्चीवर बसून राहिलीस. आम्ही तिघं स्कूटरला हार घालायला खाली गेलो. मामा आणि बाबा हार आरशाला बांधायचा की हँडलला यावर बराच वेळ वाद घालत होते, कारण दोघांनाही वर यायचं नव्हतं. वर आलो तर तू तशीच बसलेली होतीस, पदर हातावर. मला वाटलं, रडली असणार. मी सुकेळी कापून सगळ्यांना दिली.

दिवाळीच्या तोंडावर तो पडला. कसला तरी व्हायरस शिरला होता. चालू केला की अर्धवट उठायचा, चिन्हं दिसायची, आणि पत्त्यांवर टिचकी मारली की निळा. पहिल्या दिवशी तू म्हणालीस, "राहू दे, दमला असेल." दुसऱ्या दिवशीही बसून बघितलंस. मग बसणंच सोडलंस. दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलीस आणि पंजा पुन्हा पदराखाली गेला. बाबांनी खरे पत्ते आणले, नवे कोरे. ते तुझ्या बोटांतून निसटून जमिनीवर पसरले आणि तू म्हणालीस, "आवरून ठेव गं, पायाखाली येतील." आणि बाईंचं ते महिना-दोन महिन्यांचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला रोज "उद्या येतो" म्हणायचा. शेवटी कॉलेजातली मैत्रीण म्हणाली, "त्यात काय, फॉरमॅट मार आणि विंडोज परत टाक." तिने सीडी दिली, एक फ्लॉपी दिली, काय काय दाबायचं ते माझ्याकडून तोंडपाठ करून घेतलं, आणि वर म्हणाली, घाबरू नको, फक्त सगळं पुसलं जातं. हे "फक्त" ऐकून मी आधी बाबांना त्यांची पत्रं काढून घ्यायला सांगितलं.

तो रविवार मला अजून दिसतो. बाबांनी सोसायटीची पत्रं फ्लॉपीवर काढून घेतली आहेत आणि ती फ्लॉपी शर्टाच्या खिशात, हृदयाशी, ठेवली आहे. मी खुर्चीवर, तू मागे पलंगावर, आमच्याकडे पाठ करून पडलेली. मी सीडीचा कप्पा उघडायचं बटण दाबते. नुसतं घर्र होतं आणि कप्पा बाहेर येत नाही. पुन्हा दाबते. पुन्हा घर्र. बाबा म्हणतात, "झालं, हाही गेला." मैत्रिणीने सांगितलं होतं, कप्प्याखाली बारीक भोक असतं, त्यात तार घालायची. बाबा जेमक्लिप सरळ करून देतात, मी ती आत सारते, आणि कप्पा अडखळत, कुरकुरत बाहेर येतो. त्याच्या मधोमध हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट. बाजूला चुरगळलेलं आपट्याचं पान. आणि तांदळाचे दाणे, कुंकवाने लाल झालेले, चार इथे, दोन तिथे. आत अजून असणार, कारण कप्पा हलवला की आतून खुळखुळ येत होतं.

मी बाबांकडे बघितलं. "हे तुम्ही?" बाबा म्हणाले, "मी कशाला? मी त्याच्यावर फूल ठेवलं, वरती. हे उघडतं हेच मला माहीत नाही." मग आम्ही दोघांनी एकदमच मागे बघितलं. तू उठून बसली होतीस, आणि चोरून साखर खाताना पकडलेल्या पोरीसारखा तुझा चेहरा झाला होता.

"त्याने आपणहून पाट पुढे केला," तू म्हणालीस. "माझा हात कुठेतरी लागला असेल. पुढे आला, मला वाटलं, त्यालाही हवंय. बाकी सगळ्यांची झाली, याला नुसतं फूल."

"कुठल्या हाताने केलंस?" मी विचारलं.

"डाव्याने करतात का?" तू म्हणालीस, आणि जरा रागावूनच म्हणालीस.

  बाबा म्हणाले, "अगं, मग देवाची का नाही केलीस? आम्ही खाली गेलो होतो, देव्हारा समोर होता."

"देवापुढे हात थरथरला असता तर? सांडलं असतं सगळं." तू पदर सारखा केलास. "म्हटलं, आधी ह्याच्यावर करून बघू. हा काही मनाला लावून घेत नाही. आणि सांडलंच की. अक्षता सगळ्या खाली गेल्या. म्हणून नाही सांगितलं कुणाला."

आई, तुला वाटत होतं की तू सांडलंस. मी त्या कप्प्याकडे बघत होते आणि मला दिसत होती ती चिमूट. बाईंनी तांदूळ दिले, राजमा दिला, बटणं दिली, त्याने आली नव्हती ती चिमूट तुला अक्षतेला आली होती, आणि आम्ही तिघं शहाणे खाली स्कूटरचा हार बांधत बसलो होतो. मी उठले, देव्हाऱ्यातला करंडा आणला आणि तुझ्यासमोर खाली बसले. म्हणाले, लाव. तू नको नको म्हणालीस, बाबांकडे बघितलंस, त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती. मग तुझा हात पदरातून बाहेर आला. करंगळीशेजारचं बोट करंड्यात शिरायला वेळ लागला, वर यायला त्याहून वेळ लागला. माझ्या कपाळावर ते टेकलं तेव्हा थरथरत होतं. या वेळी डोळे मी मिटून घेतले होते, आणि मग कळलं की डोळे मिटल्यावर दुसऱ्याचं बोट किती जवळ येतं. बाबा वळून म्हणाले, "जरा भुवईवर गेलंय." तू म्हणालीस, "तुम्ही गप बसा." मग मी रडले, आणि तू मला उजव्या हाताने एक चापटी मारलीस, अगदी हलकी, पण उजव्याच हाताने.

पुढे कप्प्याचं झाकण खोलून दाणे काढले, आतली बारीक काच कापसाने पुसली, सीडी घातली. आता ती फिरायला लागली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि त्याने विचारलं, सगळं पुसू का, नक्की? मी हात आखडला. तू मागून म्हणालीस, "पत्ते पण जातील?" मी म्हणाले, जातील आणि परत येतील, सीडीत आहेत. "बघून घेतलंस?" नव्हतं बघितलं, पण हो म्हणाले. मग तू खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलीस आणि उठलीच नाहीस. लाइटीचा भरवसा नव्हता, मधेच गेली तर सगळं पहिल्यापासून, आणि ती पडद्यावरची पट्टी अशी काही मुंगीच्या पावलाने सरकत होती की बाबा दोनदा अंघोळीला जाऊन आले असते. मी म्हणाले, आई, पड जरा, झालं की उठवते. तू म्हणालीस, "दूध तापत ठेवून कुणी उठतं का? मधेच उतू गेलं म्हणजे?" मग आपण दोघी त्या पट्टीकडे बघत बसलो, आणि बघता बघता तू बोलायला लागलीस. माहेरच्या केळीच्या बागेतल्या पाण्याच्या पाटाबद्दल, त्यात पाय सोडून मामाबरोबर खेळलेल्या पत्त्यांबद्दल, तू मामाला कशी फसवायचीस त्याबद्दल. मी यातलं काहीही आधी ऐकलेलं नव्हतं. संध्याकाळी पत्ते परत आले आणि तू पहिला डाव हरलीस. म्हणालीस, "नवीन आहेत, रुळतील."

हात पूर्ण कधीच आला नाही. सुई ओवणं तू मला सांगायचीस ते शेवटपर्यंत. पण संक्रांतीला जिन्यातल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकू तू लावलंस, पुढच्या वर्षी पोळ्या लाटायला लागलीस, आणि त्यानंतर तुला बसायला वेळच उरला नाही. पत्तेही सुटले. तुझा ओटा, तुझी भाजी, तुझी भिशी. मी ऑफिसातून यायचे तेव्हा तू स्वयंपाकघरात पाठमोरी, आणि बोलणं काय, तर "हात धू, वाढते." आपण दोघी भरपूर बोलायचो असं लोकांना वाटायचं. आपण कामाचं बोलायचो.

फक्त त्याला फॉरमॅट मारायचा असला की वेगळं असायचं. "आई, आज त्याला पुन्हा पुसून टाकायला लागणार," असं मी म्हणायचा अवकाश, तू गॅस बंद करायचीस, निवडायची मेथी ताटात घ्यायचीस आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसायचीस. एकट्याला सोडायचं नाही हे तुझं ठरलेलं. पट्टी सरकायला लागली की तुझं बोलणं सुरू व्हायचं. टायपिंगच्या क्लासला जायचं होतं आणि आजोबांनी कसं नाही म्हटलं. लग्नात बाबा तुला किती बुटके वाटले. मी पोटात असताना तुला फक्त कच्च्या कैऱ्या आणि भांडण हवं असायचं. मला पहिली नोकरी सोडायची होती तेही मी तुला तिथेच सांगितलं, आणि तुझ्या होणाऱ्या जावयाबद्दलही तिथेच. तू मेथीवरून मान वर न करता म्हणालीस, "बुटका नाही ना?"

हे पत्र कुठे जायचं नाही, ते मला माहीत आहे. लिहून झालं की खणात जाईल. तू गेल्यावर दिवसांना आलेल्या बायका तुझ्या हाताबद्दल बोलत होत्या, मामा सुकेळ्यांबद्दल, बाबा नुसते त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसून होते. मग त्यांनी मला विचारलं, "काय गं, तो आपला कॉम्प्युटर इतक्यांदा कसा काय बिघडायचा?" मी म्हणाले, जुना होता, बाबा. तुलाही मी तेच सांगत आले होते. आई, पहिल्यांदा तो खरंच बिघडला होता. त्यानंतर एक-दोनदा. बाकीच्या सगळ्या वेळी तो ठणठणीत होता. मला तू शेजारी येऊन बसायला हवी होतीस.